‘रन’च्या कसोटीवर ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश

इंग्रजी शब्दकोश विकत घेताना आपण दुकानात उभ्या उभ्या एखादा अवघड शब्द काढून पाहतो आणि तो सापडला की कोश चांगला, असा निकाल देऊन मोकळे होतो. ही परीक्षा फसवी आहे. ‘फोटोसिंथेसिस’ किंवा ‘हायपोथर्मिया’ यांसारख्या शब्दांना बहुधा एकच अर्थ असतो आणि तो स्वस्तातल्या खिसाकोशातही नीट दिलेला असतो. कोशकाराचा खरा कस लागतो तो ‘सेट’, ‘पुट’, ‘गो’, ‘रन’ अशा, प्राथमिक शाळेतल्या मुलालाही येणाऱ्या शब्दांवर. कारण त्यांचा एक अर्थ आपण लहानपणी शिकतो, तेवढ्यावर शब्द आला असे समजतो आणि उरलेले अर्थ वाक्यात भेटले की संदर्भाने अंदाज बांधत पुढे सरकतो. म्हणूनच ‘ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ या कोशाचे प्रस्तुत परीक्षण केवळ ‘रन’ या एका शब्दाच्या आधारे केले आहे. या कोशाची दहावी आवृत्ती २०२० मध्ये निघाली आणि संकेतस्थळावर तो विनामूल्य पाहता येतो. तुलनेसाठी त्याच घराण्यातला थोरला कोश, म्हणजे ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’, तसेच परभाषिकांसाठीचाच ‘कोबिल्ड’ हा दुसरा इंग्रजी कोश आणि आपल्याकडचे इंग्रजी-मराठी कोश हाताशी ठेवले आहेत.

‘रन’चीच निवड करण्याला कारण आहे. थोरल्या कोशाच्या १९८९ च्या वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. नुसत्या क्रियापदाचेच ४३० च्या आसपास अर्थ आणि सगळी नोंद मिळून सुमारे ६०,००० शब्द, म्हणजे एखाद्या बेताच्या कादंबरीएवढा मजकूर. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदींची फेरतपासणी २००० च्या सुमारास ‘एम’ या अक्षरापासून सुरू झाली, तेव्हा हा मान आधी ‘मेक’कडे, २००७ मध्ये ‘पुट’कडे आणि अखेर २०११ मध्ये ‘रन’कडे गेला. ‘रन’ या क्रियापदाचे तिथे ६४५ अर्थ नोंदवले गेले आणि ते वेगळे काढून लावण्यात पीटर गिलिव्हर या संपादकांचे नऊ महिन्यांहून अधिक दिवस गेले. एवढे अर्थ कोणाही इंग्रजाला पाठ नसतात, तरी बोलताना तो अडत नाही. तेव्हा या पसाऱ्याला काही आतले सूत्र असणार हे उघड आहे. ते सूत्र परक्या वाचकाच्या हाती किती लागते, हीच माझ्या दृष्टीने लर्नर्स कोशाची परीक्षा आहे.

आता कोशाविषयी थोडे. आल्बर्ट सिडनी हॉर्नबी हे १९२४ पासून जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. इंग्रजांसाठी केलेले कोश परभाषिक विद्यार्थ्याच्या कामाचे नाहीत, हे वर्गात रोज जाणवल्यामुळे त्यांनी दोन सहकाऱ्यांसह एक वेगळा कोश रचला. तो १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तो आपल्या नावाने बाहेर काढला. आजचा कोश हा त्याचाच वारस आहे. हॉर्नबींचा मुख्य आग्रह असा होता की, शब्दाचा अर्थ सांगून थांबू नये, तो शब्द वाक्यात कसा बसतो हेही सांगावे. एके काळी त्यासाठी क्रियापदांच्या रचनांना क्रमांक दिलेले असत आणि ते क्रमांक समजून घेणे हाच एक अभ्यास होऊन बसे. आता ते क्रमांक गेले आहेत, आग्रह मात्र टिकला आहे. व्याख्या ठरावीक सोप्या शब्दांत लिहिण्याचे बंधनही संपादकांनी स्वतःवर घालून घेतले आहे आणि ‘रन’सारख्या शब्दाच्या बाबतीत ते फार मोलाचे ठरते, कारण सोप्या शब्दाची व्याख्या अवघड शब्दांत करण्याचा मोह पुष्कळ कोशकारांना आवरत नाही.

‘रन’ची क्रियापदाची नोंद उघडली की अर्थांच्या डोक्यावर ठळक अक्षरांतल्या लहान पाट्या दिसतात: पायांनी वेगाने जाणे, शर्यत, व्यवस्थापन, वाहने-यंत्रे, बस-गाड्या, द्रव पदार्थ, रंग, वर्तमानपत्र, निवडणूक, चाचणी आणि अशाच आणखी कितीतरी. लांबलचक नोंद वरपासून खालपर्यंत वाचत बसण्याची गरज त्यामुळे पडत नाही. समजा, एखाद्या वाचकापुढे ‘द कलर रॅन इन द वॉश’ असे वाक्य आले आहे, तर तो सरळ रंगाच्या पाटीवर उतरतो आणि धुताना कपड्याचा रंग गेला, एवढेच त्यात म्हटले आहे, हे त्याला अर्ध्या मिनिटात कळते. निवडणुकीच्या पाटीखाली ‘रन फॉर प्रेसिडेंट’ सापडते आणि हा प्रयोग प्रामुख्याने अमेरिकी आहे, ब्रिटनमध्ये उमेदवार ‘स्टँड’ होतो, असाही खुलासा तिथे मिळतो. (अमेरिकी उमेदवार धावतो, ब्रिटिश उभा राहतो आणि आपला लढवतो, तिन्ही लोकशाह्यांच्या स्वभावाविषयी यावरून कोणी सिद्धान्त मांडू नये, पण गंमत आहे खरी.) ज्याला वाक्य समोर ठेवून अर्थ शोधायचा आहे, त्याच्यासाठी ही पाट्यांची सोय उत्तम आहे.

त्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे ‘रन’च्या मागेपुढे येणारे शब्द. विहीर आटली तर ती ‘रन ड्राय’ होते, साठा संपत आला तर ‘रन लो’, भावना अनावर झाल्या तर ‘रन हाय’, गाडीला उशीर झाला तर ती ‘रनिंग लेट’ असते. हे प्रयोग वाचताना कळतात, पण लिहिताना सुचत नाहीत. मराठी माध्यमातून शिकून पुढे इंग्रजीत अहवाल, पत्रे किंवा प्रबंध लिहिणाऱ्या माणसाची नेमकी अडचण इथे असते. लर्नर्स कोशातली उदाहरणवाक्ये आजच्या वापरातल्या भाषेवर आधारलेली असल्यामुळे ती उचलून आपल्या लेखनात वापरता येतात. थोरल्या कोशातली अवतरणे तशी वापरता येत नाहीत. ती शब्दाच्या आयुष्याचा पुरावा म्हणून दिलेली असतात आणि त्यांतली कित्येक चारपाचशे वर्षांपूर्वीची असतात; त्या वळणाचे इंग्रजी आज कोणी कार्यालयीन पत्रात लिहिले, तर वाचणारा चक्रावून जाईल.

येथवर कोशाला पैकीच्या पैकी गुण द्यायला हरकत नाही. मात्र पाट्यांची ही पद्धत शोधणाऱ्याला जेवढी सोयीची, तेवढीच समजून घेणाऱ्याला अपुरी पडते. एकेका अर्थाला स्वतंत्र खोली मिळते, पण एका खोलीतून दुसरीत जायचे दार कुठे दिसत नाही. वाहत जाणाऱ्या पाण्यापासून दुकान चालवण्यापर्यंत आणि तिथून वितळून पातळ होणाऱ्या लोण्यापर्यंत हा शब्द पोहोचला कसा, हा प्रश्न पडणारच, आणि त्याचे उत्तर ‘रन’च्या उगमात आहे. लर्नर्स कोशाच्या संकेतस्थळावर व्युत्पत्तीची चौकट आहे. जुन्या इंग्रजीतली ‘रिन्नन’ आणि ‘इर्नन’ ही रूपे, पुढे जुन्या नॉर्स भाषेतून मिळालेले बहुधा पाठबळ आणि सोळाव्या शतकात वर्तमानकाळी रूपात दिसू लागलेला ‘यू’ हा स्वर, एवढी माहिती तिथे मिळते. ती अचूक आहे, पण वर दिलेल्या अर्थांशी तिचा सांधा कोणी जोडून दाखवत नाही.

तो सांधा असा आहे. जर्मन भाषेत आजही ‘रिनेन’ म्हणजे वाहणे आणि ‘रेनेन’ म्हणजे धावणे, अशी दोन क्रियापदे वेगळी नांदतात. इंग्रजीत या कुळातली रूपे एकमेकांत मिसळून एकच ‘रन’ उरले. तेव्हा नळ ‘रन’ होतो, नाक ‘रन’ होते, मेण वितळून ‘रन’ होते, हे अर्थ धावण्यापासून ओढूनताणून काढलेले नसून वाहणे हा या शब्दाचा मुळातलाच अर्थ आहे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. स्वतः धावणे आणि दुसऱ्याला धावायला लावणे यांसाठीही जुन्या भाषेत निराळी रूपे होती आणि तीही पुढे याच एका शब्दात विरघळली. घोडा ‘रन’ होतो आणि मालकही घोडा ‘रन’ करतो. मराठीत हा फरक एका ‘व’ने दाखवता येतो: चालणे आणि चालवणे, फिरणे आणि फिरवणे. इंग्रजीला तो ‘व’ नाही. त्यामुळे घोड्यानंतर गिरणी, गिरणीनंतर कारखाना, कारखान्यानंतर शाळा, वसतिगृह, पक्ष, सरकार, जे जे स्वतःच्या गतीने चालू राहते ते ते सारे कोणीतरी ‘रन’ करू लागला. यंत्रयुग आल्यावर तर या शब्दाला उधाणच आले. वाफेची इंजिने, घड्याळे, आगगाड्या, त्यांची वेळापत्रके आणि पुढे संगणकाच्या आज्ञावल्या, सगळ्यांनी याच क्रियापदाचा आश्रय घेतला.

थोरला कोश ही कथा सांगतो, कारण तिथे अर्थ त्यांच्या जन्मक्रमाने लावलेले असतात आणि प्रत्येक अर्थाखाली सालवार अवतरणे येतात. ती नोंद सलग वाचणे हा जवळजवळ इंग्लंडचा सामाजिक इतिहास वाचण्याचा अनुभव आहे. तरीही घरी घेण्यासाठी मी तिची शिफारस करणार नाही. पूर्ण नोंदी वाचायला वर्गणी लागते, पानामागून पान सरकले तरी हवा तो अर्थ सापडत नाही आणि मृत अर्थांच्या गर्दीत जिवंत अर्थ हरवतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून तो पाहता येत असेल, तर ‘रन’साठी एक दुपार राखून ठेवावी, एवढेच सुचवतो.

लर्नर्स कोशाबद्दल खरी तक्रार आहे ती वाक्प्रचारांबाबत. ‘रन’च्या नोंदीत वाक्प्रचारांच्या भागात संपादकांची एक सूचना येते की, ‘रन’ असलेले बहुतेक वाक्प्रचार त्यांतल्या नामाच्या किंवा विशेषणाच्या नोंदीत दिले आहेत. उदाहरणार्थ, ‘रन रायट’ पाहायचे असेल तर ‘रायट’कडे जावे. जागा वाचवण्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. पण ज्याला वाक्प्रचाराची हद्द कुठे सुरू होते आणि कुठे संपते हेच ठाऊक नाही, त्याने कोणत्या शब्दाकडे जावे? ‘रन’ हा त्याला माहीत असलेला शब्द असतो, म्हणून तो तिथे येतो आणि तिथून त्याला दुसरीकडे पाठवले जाते. सरकारी कार्यालयात एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जावे लागण्याचाच हा प्रकार. छापील पुस्तकात पानांची मर्यादा समजण्यासारखी आहे. पडद्यावर जागेचा प्रश्नच उरत नसताना तीच विभागणी कायम ठेवण्यामागचे प्रयोजन मला पटत नाही.

‘रन’ला ‘आउट’, ‘इन्टू’, ‘ओव्हर’, ‘अवे’, ‘थ्रू’ अशी शेपटे जोडून तयार होणारी क्रियापदे मात्र नोंदीच्या शेवटी वेगळ्या भागात वर्णक्रमाने लावलेली आहेत आणि ती मांडणी निर्दोष आहे. विशेषतः कर्म मध्ये कुठे घालायचे, हे रचनेतच दाखवलेले असल्यामुळे आपल्याकडच्या लेखनात हमखास होणाऱ्या चुका टळतात. ‘रन आउट’ आणि ‘रन आउट ऑफ’ यांतला फरक, म्हणजे दूध संपले आणि आमचे दूध संपले यांतला फरक, तिथे दोन ओळींत स्पष्ट होतो.

नाम म्हणून येणारा ‘रन’ हा आपल्या अधिक ओळखीचा आहे आणि त्याला श्रेय क्रिकेटचे. मराठीने त्याला ‘धाव’ हा चपखल शब्द दिला, ‘रन आउट’चे ‘धावबाद’ केले आणि चौकार गेल्यावर दोन्ही फलंदाज जागच्या जागी उभे असले तरी त्यांच्या खात्यावर चार धावा लिहिण्यात आपल्याला काहीही वावगे वाटत नाही. हा खेळातला अर्थ कोशात अर्थातच आहे. त्याखेरीज ठेवी काढायला बँकेच्या दारात उडालेली झुंबड, कोंबड्यांसाठी जाळी लावून केलेले आवार, बर्फावरून घसरण्याचा उतार, नाटकाचे सलग झालेले प्रयोग, पत्त्यांतला ओळीने लागलेला क्रम, मोज्यातून निघत गेलेला धागा आणि बहुवचनी रूपात चक्क जुलाब, हे सगळे ‘रन’च आहेत. कोशाने त्यांना थोडक्यात, पण नेमके उदाहरण देऊन वाटेला लावले आहे आणि याहून अधिकाची इथे गरजही नव्हती.

‘कोबिल्ड’चा उल्लेख केल्यावाचून ही तुलना पुरी होणार नाही. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली तयार झालेला हा कोश १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष वापरातल्या भाषेचा प्रचंड साठा संगणकात भरून त्यावरून अर्थ ठरवायचे आणि व्याख्या तुटक न देता पूर्ण वाक्यात द्यायची, ही त्याची दोन वैशिष्ट्ये. ‘तुम्ही एखादा धंदा रन करता तेव्हा त्याची जबाबदारी तुमच्याकडे असते’ अशा धर्तीची ती वाक्ये वाचताना कोणी समोर बसून समजावून सांगत आहे असे वाटते, आणि ‘रन’ कोणाच्या संदर्भात वापरायचे हे व्याख्येतच कळून जाते. कच्च्या वाचकाला मी ‘कोबिल्ड’ देईन. पण ज्याला झटपट अर्थ हवा आहे, त्याला त्या पूर्ण वाक्यांचा पाल्हाळ लवकरच कंटाळवाणा होईल, आणि ‘रन’सारख्या मोठ्या नोंदीत तर पाट्यांअभावी शोधणेही जिकिरीचे जाते.

मग इंग्रजी-मराठी कोश असताना या सगळ्या खटाटोपाची गरजच काय, असे कोणी विचारील. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये निघाला, तेव्हापासून आपल्याकडे या कामाची परंपरा आहे आणि तिचे ऋण मोठे आहे. तथापि, आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक लहान कोशांत ‘रन’पुढे धावणे, पळणे, वाहणे, चालवणे अशी प्रतिशब्दांची रांग स्वल्पविराम देत लावलेली असते आणि कोणता केव्हा घ्यायचा याचा निवाडा वाचकावर सोडून दिलेला असतो. त्यामुळे मूळ शब्दाचा खरा जोडीदार कोण, हे लक्षात येत नाही. ‘रन’च्या बहुसंख्य अर्थांना मराठीत जागा देणारे क्रियापद धावणे हे नाहीच, ते चालणे आहे. दुकान चालते, यंत्र चालते, नाटक चालते, खटला चालतो, करार पाच वर्षे चालतो, एखादा आजार घराण्यात चालत येतो, संगणकावर आज्ञावली चालवतात. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजी माणूस ‘रन’ म्हणतो. इंग्रजी जिथे धावते तिथे मराठी चालते, आणि दोघीही मुक्कामाला वेळेवर पोहोचतात. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत एसटी आणि लोकल ‘धावतात’, तेवढा एक अपवाद; घरात मात्र आपण ‘शेवटची गाडी किती वाजेपर्यंत असते’ असेच विचारतो. असा एक शेरा जरी इंग्रजी-मराठी कोशात ‘रन’च्या नोंदीत डोक्यावर छापला, तरी विद्यार्थ्याचे निम्मे काम होईल. लर्नर्स कोशाकडून ही अपेक्षा करता येत नाही, कारण तो एकाच वेळी जपानी, ब्राझिली आणि मराठी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेला आहे. ही उणीव आपल्या कोशकारांनीच भरून काढायची आहे.

खरेदीविषयी सांगायचे तर, केवळ अर्थ पाहण्यासाठी पुस्तक घेण्याचे कारण उरलेले नाही. संकेतस्थळावर नोंद पुरी मिळते, ब्रिटिश आणि अमेरिकी उच्चार ऐकता येतात आणि शोधायला वेळ लागत नाही. छापील प्रत घ्यायची ती नोंद सलग डोळ्यांखाली घालण्यासाठी. ‘रन’चे सगळे अर्थ समोर पसरलेले असले की शेजारचा अर्थ सहज वाचला जातो, तसे बोटाने पडदा सरकवताना होत नाही. अशा वाचकाने नव्याच आवृत्तीचा हट्ट धरू नये. मुंबईत फाउंटनच्या पदपथावर किंवा पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांत आधीच्या आवृत्त्या पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीला मिळतात. ‘रन’सारख्या शब्दाच्या नोंदीत दहा-पंधरा वर्षांत फारसे बदलत नाही. फक्त चौथ्या आवृत्तीपेक्षा जुनी प्रत हाती आली, तर ती ठेवून द्यावी, कारण क्रियापदांच्या रचनांचे ते जुने क्रमांक उलगडता उलगडता मूळ शब्द बाजूलाच राहतो.